एक्झामेन : दिवसअखेरचे प्रार्थनामय आत्मपरीक्षण

सरलेल्या दिवसाकडे देवासमोर बसून पाहण्याची ख्रिस्ती प्रार्थनापद्धती. दिवसाचा झाडा घेण्याची रीत ख्रिस्ती परंपरेत जुनीच होती. तिला आज प्रचलित असलेली पाच टप्प्यांची घडण संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत दिली. पोप तिसरे पॉल यांनी 31 जुलै 1548 रोजी या पुस्तिकेला मान्यता दिली. प्रार्थनेला साधारण पंधरा मिनिटे लागतात. तिच्यासाठी ना देऊळ लागते, ना धर्मगुरू, ना ग्रंथ. कॅथलिकांमध्ये पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या, संस्काराआधी मनाची अशी तपासणी करायला शिकवतात, त्यामुळे एक्झामेन म्हणजे चुकांची यादी असा समज पक्का झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

या प्रथेची बीजे बायबलमध्ये सापडतात. अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी बोला आणि स्तब्ध राहा, असे चौथे स्तोत्र सांगते. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असे पौल इफिसकरांना लिहितो. एक्झामेनच्या सर्वांत जवळचे मात्र 139वे स्तोत्र. त्यात भक्त देवालाच माझी झडती घे म्हणतो, म्हणजे तपासणारा दुसराच कोणी आहे. ख्रिस्ती नसलेल्या रोमन जगातही ही सवय होती. सेनेका हा तत्त्वज्ञ रात्री दिवा मालवल्यावर, पत्नी गप्प झाली की, दिवसभराच्या वागण्याचा हिशेब मांडत असे. तिथे वकील तोच आणि न्यायाधीशही तोच. जैनांचे संध्याकाळचे प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभरातले दोष आठवून क्षमा मागण्याचा विधी, महाराष्ट्रातल्या वाचकाला आठवेल. या परंपरांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध दाखवता येत नाही, पण दिवस मावळताना मागे वळून पाहावेसे वाटणे किती ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इग्नेशियस यांचा क्रम असा : आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार, मग आपली पापे ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना, मग उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने आठवणे, आधी विचार, मग बोलणे, मग कृती, त्यानंतर क्षमायाचना, आणि शेवटी उद्यासाठी देवाच्या मदतीने सुधारण्याचा निश्चय. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेने समारोप होतो. यातले पहिले दोन टप्पे घाईत उरकले जातात, आणि तिथेच सगळे बिघडते. कृतज्ञता ही इथे तोंडदेखली सुरुवात नाही. 1542 साली पोर्तुगालमधले आपले सहकारी सिमाँव रॉड्रिग्ज यांना लिहिलेल्या पत्रात इग्नेशियस यांनी कृतघ्नतेला सगळ्या पापांचे मूळ म्हटले आहे. आभाराचा टप्पा गाळला की तिसऱ्या टप्प्यावर माणूस एकटाच उरतो, आणि एकट्याने स्वतःला तपासणारा एक तर स्वतःला झोडपतो, नाही तर माफ करून टाकतो.

हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावर हा बास्क सरदार घरी पडून होता. दरबारी शौर्याची आणि प्रेमाची दिवास्वप्ने रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची कल्पना केली की आनंद मागे रेंगाळत राही. हा फरक टिपणे हे त्यांच्या साऱ्या साधनेचे मूळ. पुढच्या वर्षी मान्रेसा गावी मुक्काम असताना मात्र हीच आत पाहण्याची सवय त्यांच्यावर उलटली. आधीच कबूल केलेली पापे नीट सांगितली की नाही, या शंकेने त्यांना पछाडले. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही शंका फिटेना, आणि जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत वेळ आली. अखेर जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत असे त्यांनी ठरवले, तेव्हा सुटका झाली. आत्मपरीक्षण माणसाला कुठवर ओढत नेऊ शकते, हे भोगलेल्याने ही पद्धत लिहिली आहे.

तरीही त्याच पुस्तिकेत ‘विशेष परीक्षण’ नावाचा प्रकार आहे आणि तो चांगलाच काटेकोर आहे. सुधारायचा एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याबद्दल सावध राहण्याचे ठरवायचे. दिवसभरात तो घडला की हात छातीवर ठेवायचा, आजूबाजूच्यांना कळणार नाही इतक्या सहज. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर आखलेल्या रेघेवर प्रत्येक चुकीसाठी एक टिंब द्यायचे. आठवड्याच्या सात दिवसांच्या या रेघा रविवारपासून पुढे लहान होत जातात, कारण चुका कमी होत जातील अशी अपेक्षा असते. मग दुपारची तुलना रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्याशी. नंतरच्या शतकांत पुष्कळ मठांमध्ये आणि धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरींमध्ये टिंबांचा हा हिशेबच एक्झामेन होऊन बसला.

इग्नेशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइट संघाला, 1540 साली मान्यता मिळाली. संघाच्या घटनेत शिक्षण घेणाऱ्या तरुणांसाठी प्रार्थनेचा वेळ मुद्दाम आखडता ठेवला आहे. अभ्यास हीच त्यांची सेवा. दिवसातून दोनदा करायचे परीक्षण मात्र त्या थोड्या वेळातही राखले आहे. रस्त्यावर, वर्गात, जहाजावर काम करणाऱ्या माणसाला तासन्‌तास ध्यान जमणार नाही. पाव तास जमेल, असा हा व्यवहारी विचार.

विसाव्या शतकात या प्रार्थनेकडे पुन्हा नव्याने पाहिले गेले. 1972 साली जॉर्ज अॅशेनब्रेनर या अमेरिकन येशूसंघीयांनी एका लेखात मांडले की भर पापांच्या मोजणीवर नको, दिवसभर देव आपल्याला कुठे खेचत होता आणि आपण कुठे अडलो या जाणिवेवर हवा. आज शिबिरांतून शिकवला जाणारा एक्झामेन बहुतांशी हाच. कधीकधी तो इतका मवाळ होतो की क्षमायाचनेचा टप्पा हळूच गळून जातो; ते मूळ पद्धतीला धरून नाही.

एक्झामेनबाहेरही ख्रिस्ती पंथांची आपापली संध्याकाळ आहे. कॅथलिकांच्या रात्रवंदनेत, म्हणजे झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत, आरंभी आत्मपरीक्षणासाठी थोडी शांतता असते आणि पुढे लूकच्या शुभवर्तमानातले वृद्ध शिमोनाचे गीत म्हटले जाते. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 च्या धर्मशिक्षणाच्या लहान प्रश्नोत्तरीत कुटुंबासाठी संध्याकाळची छोटी प्रार्थना दिली : दिवसभर राखल्याबद्दल आभार, चुकांची क्षमा, रात्रीसाठी रक्षण. त्यानंतरची सूचना म्हणजे लगेच आनंदाने झोपी जा. मनाची कुरतड झोपेपर्यंत चालू ठेवणाऱ्यांना ही सूचना मोलाची आहे. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमधल्या जॉन वेस्ली (पुढे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक) यांच्या मंडळातले तरुण स्वतःला ठरावीक प्रश्न विचारत.

ही पद्धत आपल्याकडे आली ती येशूसंघीयांबरोबर. फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात उतरले. गोव्यात राहून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ (1616) रचणारे थॉमस स्टीफन्स याच संघाचे, म्हणजे रोजच्या परीक्षणाचा नियम त्यांनाही लागू होता. सामान्य घरांत मात्र गोव्यापासून वसईपर्यंत संध्याकाळ ओळखली जाते ती घंटेने आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या जपमाळेने. एकट्याने गप्प बसून करायचा एक्झामेन धर्मगुरू, धर्मभगिनी आणि साधनाशिबिरांना जाणारे यांच्यातच अधिक रुजला. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय अँथनी डिमेलो (1931–1987) यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली ‘साधना’ संस्था श्वास, शरीर आणि भावना यांच्याकडे लक्ष देण्याच्या भारतीय सरावातून प्रार्थना शिकवू लागली. तिचा सूर 1972 नंतरच्या एक्झामेनशी जुळणारा होता.

रोज करणाऱ्यांची नेहमीची अडचण साधी आहे : रात्री डोळा लागतो, आणि दिवस दुपारच्या पुढे आठवतच नाही. म्हणून अनुभवी मार्गदर्शक जेवणाआधीची किंवा कामावरून परततानाची वेळ सुचवतात. अतिशंकेखोर स्वभावाच्या माणसाला तर ते काही काळ फक्त पहिलाच टप्पा करायला सांगतात.