बाखचा सी मायनर प्रेल्यूड-फ्यूग: पानावरच्या खुणा कुणाच्या?

प्रेल्यूड म्हणजे सुरुवातीची मोकळी रचना, आणि फ्यूग म्हणजे एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत फिरवणारी. सी मायनरमधल्या या जोडीची (बाखच्या रचनासूचीत बीडब्ल्यूव्ही ८४७) जुनी आवृत्ती हाती आली, तर पान खुणांनी भरलेलं दिसतं: लेगाटो (सूर जोडून), स्टॅकाटो (सूर सुटे), क्रेशेंडो (जोर वाढवत), लय मोजणाऱ्या मेट्रोनोमचा आकडा. यातलं बाखचं फारच थोडं.

ही जोडी ज्यात आहे त्या २४ प्रेल्यूड-फ्यूगच्या पहिल्या संग्रहाचं (‘वेलटेम्पर्ड क्लॅव्हिअर’) शीर्षकपान बाखने १७२२ मध्ये क्योथेन इथे लिहिलं. त्यातले ११ प्रेल्यूड थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीत आधीच होते. सी मायनरचा प्रेल्यूडही तिथे आहे, पण आखूड. शीर्षकात वाद्य म्हणून फक्त ‘क्लॅव्हिअर’, म्हणजे पट्ट्यांचं कुठलंही वाद्य. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज तेवढाच. क्लॅव्हिकॉर्डवर लहान-मोठा करता येतो, पण तो शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. वाद्यकार क्रिस्तोफोरीचा पियानो फ्लॉरेन्समध्ये १७००च्या सुमारास तयार झाला होता. जर्मनीत वाद्यकार झिल्बरमानने केलेले पियानो बाखने वाजवून पाहिले, तेव्हा पट्ट्या जड आणि वरचे सूर दुबळे अशी त्याची तक्रार होती.

‘वेलटेम्पर्ड’ म्हणजे आजच्यासारखी १२ समान अंतरं, असं मात्र नाही. सगळी स्केल्स वाजवता यावीत अशी जुळणी, एवढाच त्याचा अर्थ. (पेटीच्या सुरांवर गवई नाक मुरडतात, ते त्या समान अंतरांमुळेच.)

हा संग्रह छापला गेला १८०१ मध्ये, बाखच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी. तोवर हस्तलिखित नकलांवर काम चाललं. बॉनमध्ये शिक्षक नेफेने लहानग्या बेथोव्हेनला तो शिकवला. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी याने १८३७ मध्ये लय आणि जोर लिहून आवृत्ती काढली, गुरूचं वाजवणं आठवून. जुन्या पानांवरचा बराचसा संसार तिथून आला. १८६६ च्या बाख-गेझेलशाफ्ट (बाख संस्था) आवृत्तीने तो उतरवला.

पण सरसकट सगळं खोडून टाकणारेही फसतात. या प्रेल्यूडमध्ये २८व्या बारला (बार म्हणजे मात्रांचा एक खंड) प्रेस्टो (अतिजलद), ३४व्याला अडाजिओ (संथ), ३५व्याला आलेग्रो (जलद) हे शब्द खुद्द बाखचे आहेत.

पियानोवर पहिली अडचण पेडलची, म्हणजे दाबला की सूर घुमत ठेवणाऱ्या पायपट्टीची. सी हा सा धरला, तर पहिल्याच बारमध्ये उजव्या हातात रे आणि कोमल ग, डाव्यात म आणि प लगटून येतात. पेडल दाबून ठेवला की चिखल. त्याऐवजी प्रत्येक अर्ध्या बारचा पहिला सूर बोटानेच थोडा धरून ठेवावा. आजच्या पियानोच्या खालच्या तारा जाड असतात, म्हणून डावा हात उजव्यापेक्षा हलका.

फ्यूग तीन आवाजांचा (एकाच वेळी चालणाऱ्या तीन स्वररेषांचा), ३१ बारचा. त्याचा विषय आठ वेळा येतो: बार १, ३, ७, ११, १५, २०, २६ आणि २९. बंदिशीच्या मुखड्यासारखा तो फिरून येतो, पण समेचं बंधन नाही आणि दर वेळी आवाज वेगळा. विषय आला की ठोकायचा, ही नेहमीची चूक. मग उरलेले दोन आवाज नुसता भरणा होतात. दोन-दोन आवाज वेगळे वाजवावेत, तिसरा गावा. पियानोचा सूर लगेच विरतो, म्हणून लांब धरायचा सूर शेजारच्यांपेक्षा किंचित जड लावावा. सोळांश (छोटे सूर) जोडून, अष्टमांश (त्यांच्या दुप्पट लांबीचे) सुटे, हा प्रचलित उच्चार निवडलात तर आठही वेळा तोच ठेवा.

शेवटच्या तीन बारांत खालचा सी बोटानेच धरावा. मग वरचे सूर स्वच्छ ठेवायला पेडल बदलला तरी तो सुटत नाही. याच संग्रहातल्या ए मायनर फ्यूगच्या अखेरीस मात्र खालचा ए हातांनी धरणं अशक्य. तिथे स्टाइनवेने १८७४ मध्ये पेटंट घेतलेला, फक्त आधी दाबलेले सूर धरून ठेवणारा मधला पेडल कामी येतो. अपराइट पियानोत मधल्या पेडलने बहुधा तारांपुढे फेल्टची पट्टी येते, त्यामुळे तिथे तो दाबून उपयोग नाही.