‘कार्बन गेला’ : रिमोटच्या बटणांमागची पार्श्वभूमी

नागपुरात बंद पडलेला रिमोट घेऊन कुठंही जा, बर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये, सक्करदऱ्यात नाहीतर जरीपटक्यात, दुकानदार तीन-चार बटणं दाबून बघतो आणि सांगतो, "कार्बन गेला भाऊ, नवीन घेऊन घ्या." म्हणजे दाबून दाबून बटणांखालची काळी टिकली झिजली, असं त्याचं म्हणणं. शंभर-दीडशे रुपयांत लोकल रिमोट मिळतो म्हणून माणूस घेऊनही टाकतो. हे वाक्य मी निदान तीस वर्षं ऐकून राहिलोय, आणि माझं मत असं बनलंय की दहातल्या सहा-सात वेळा तरी ते चूक असतं. पण ते आलं कुठून हे समजायचं तर थोडं मागं जावं लागतं.

फार मागं जायची गरज नाही. अमेरिकेत १९५० मध्ये वायरवाला रिमोट आला, १९५५ मध्ये टीव्हीच्या कोपऱ्यांवर उजेड मारायचा बॅटरीसारखा प्रकार आला, त्यात नुसतं ऊन पडलं तरी चॅनल आपोआप बदलायचं, आणि १९५६ मध्ये आवाजावर चालणारा. त्यात अॅल्युमिनियमच्या दांड्यांवर छोटी हातोडी आपटायची, माणसाला ऐकू येणार नाही असा सूर निघायचा, सेलसुद्धा लागत नव्हता. यातल्या कशातच रबराची बटणं नव्हती, त्यामुळं आपला आजारही नव्हता. तो आजार सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर चालणारे, रिमोट आले तेव्हाचा. आत एक चिप, पुढं एक एलईडी, आणि प्रत्येक बटणाला वेगळा स्विच बसवायच्या ऐवजी सगळ्या बटणांचा मिळून एकच सिलिकॉन रबराचा शीट. बटणाच्या खाली काळी टिकली, ती बोर्डावरच्या बोटं गुंतवल्यासारख्या दोन पट्ट्यांवर टेकली की सर्किट पूर्ण. आठ ओळी आणि चार उभ्या रांगा म्हणजे बारा तारांत बत्तीस बटणं. इतकं स्वस्त काम दुसऱ्या कशानं झालंच नसतं.

आपल्याकडं १९८२ ला रंगीत प्रक्षेपण आलं तरी बहुतेक घरांत ब्लॅक अँड व्हाईट, शटरचा टीव्ही, खटखट फिरणारा नॉब, आणि उठून बदलायला चॅनल तरी होते कुठं. खरा फरक १९९१-९२ नंतर पडला. केबल आली, गच्चीगच्चीवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या, आणि वीस-तीस चॅनल नॉबनं शोधणं कठीण झालं म्हणून रिमोटवाला सेट घेणं भाग पडलं. महालात आमच्या वाड्यात असा पहिला सेट आला तेव्हा रिमोटवरचं प्लास्टिक काढायचं नाही असा आजोबांचा नियम होता. प्लास्टिक ताणलेलं, त्यावरून दाबायचं म्हणजे अंगठा पांढरा होईस्तोवर दाबायचं. चाललं नाही की रिमोट मांडीवर आपटायचा, मग आजोबा म्हणायचे, "सेल फिरव न बे." सेल फिरवून खरंच चालायचा, कारण फिरवल्यानं स्प्रिंगवरचा गंज खरवडला जातो. पण घरात सगळ्यांना वाटायचं की बटणाचाच काहीतरी दोष, आणि मग दुकान, आणि मग कार्बन.

इथंच सगळी गुंतागुंत आहे. ‘कार्बन’ हा शब्द आपले मेकॅनिक निदान चार गोष्टींना वापरतात. एक, रबराखालची काळी टिकली, तिच्यात कार्बन मिसळलेला असतो म्हणून. दोन, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर छापलेला काळा थर, तोही कार्बनचाच, तांबं काळं पडू नये म्हणून दिलेला. तीन, जो चिकट मळ बसतो त्यालाही "कार्बन आला" म्हणतात, जसं गाडीच्या प्लगला म्हणतात तसं. आणि चार, दुरुस्तीसाठी वरून लावायची काळी पावडर किंवा पेंट, "कार्बन मारून देतो" मधला कार्बन. म्हणजे कार्बन गेला, कार्बन आला आणि कार्बन मारला, ही तिन्ही वाक्यं एकाच बटणाबद्दल एकाच दिवशी बोलली जाऊ शकतात. ग्राहकाला काय समजणार? शिकाऊ पोट्ट्यालाही समजत नाही, तो ऐकतो कार्बन आला, म्हणजे मळ, आणि ब्लेड घेऊन बोर्डावरचा काळा थरच खरवडून टाकतो. तो थर मळ नाहीये, तो संपर्काचा भाग आहे. स्वस्त बोर्डांवर तर एका पट्टीवरून दुसरी पट्टी ओलांडायचे पूलसुद्धा याच काळ्या थराचे छापलेले असतात, ते खरवडले की एक बटण दुरुस्त होता होता अख्खी रांग मरते.

मग खरं बिघडतं काय? सिलिकॉन रबरात थोडं तेल मुळातच राहून गेलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू वर झिरपतं आणि टिकली नि बोर्ड यांच्यामध्ये पातळ थर धरतं, आणि हे तेल वीज जाऊ देत नाही. उष्णतेनं हे झिरपणं वाढतं, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशात खिडकीच्या कट्ट्यावर पडलेल्या रिमोटचं काय होत असेल ते आपल्याला सांगायची गरज नाही. त्यात कूलरची ओल आणि धूळ. रिमोट उघडून बोर्ड ट्यूबलाईटखाली तिरपा धरला तर हे तेल दिसतं, बटणांच्या जागी गोल गोल ओलसर चमक असते, बोट लावलं तर तुळतुळीत लागतं.

टिकली झिजतच नाही असं मी म्हणत नाही. नवीन टिकलीचा रोध साधारण शंभर-दोनशे ओमच्या आत असतो, झिजली की तो काही हजार ओमपर्यंत जातो. पण चिप मोठ्या मनाची असते, तिच्या पायाला लावलेला रेझिस्टर कित्येक किलोओमचा असतो, त्यामुळं संपर्क थोडा खराब झाला तरी बटण चालून जातं. तेलाचा थर मात्र संपर्कच होऊ देत नाही. जोरात दाबल्यावर चालतं ते यामुळंच, दाबानं तेल बाजूला सरकतं.

यावर सगळ्यात पक्का पुरावा मला नागपुरात सेट टॉप बॉक्स आल्यानंतर मिळाला. केबल डिजिटल करायची ३१ मार्च २०१३ ची मुदत दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांना होती, त्यात आपण होतो, आणि तेव्हापासून घरोघरी दोन रिमोट झाले. चॅनल बॉक्सच्या रिमोटवरून, टीव्हीच्या रिमोटवर फक्त पॉवर आणि व्हॉल्यूम. म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरचे आकडे कोणी दाबतच नाही. आता कार्बन दाबून दाबून जात असेल तर हे आकडे नव्यासारखे चालायला पाहिजेत ना? मी तीन-चार वर्षं खणात पडून असलेला रिमोट काढला, नवे सेल घातले, मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरला, कारण रिमोटचा उजेड कॅमेऱ्याला दिसतो, आणि पॉवरला जांभळा ठिपका लुकलुकला पण ४, ७, ९ काहीच नाही. ज्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता तीच बटणं मेलेली. शीट काढून भांड्याच्या साबणानं धुतला, बोर्ड आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेल्या इअरबडनं पुसला, कापसावर मळकट करडा डाग आला, आणि सगळे आकडे चालू झाले. कार्बन कुठंही गेला नव्हता.

जुन्या उपायांबद्दलही बोलायला पाहिजे कारण त्यांनी रिमोट जास्त मारले. पेट्रोलचा बोळा तेव्हा सर्रास वापरायचे, पण पेट्रोलनं सिलिकॉन फुगतं आणि मग शीट जागेवर बसत नाही, बटणं अडकतात. सिगारेटच्या पाकिटातली पन्नी कापून टिकलीवर चिकटवायची युक्ती तर घरोघरी होती. ती दोन महिने छान चालते, नंतर अॅल्युमिनियमवर ऑक्साईड धरतं, आणि पन्नीची कडा बोर्डावरचा थर ओरबाडते. शिवाय झटपट सुकणाऱ्या गोंदाच्या वाफेनं आजूबाजूच्या टिकल्यांवर पांढरी साय येते, म्हणजे एक वाचवायला जाऊन चार गेल्या. 6बी पेन्सिल घासणं त्यातल्या त्यात निरुपद्रवी, फक्त शिसं टिकत नाही. ग्रॅफाइटचा पेंट चांगला, पण आधी तेल काढलं नाही तर तो पापुद्र्यासारखा सुटून येतो, आणि मग लोक पेंटला दोष देतात.

दुकानदारांची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. उघडायला, धुवायला, सुकवायला अर्धा-पाऊण तास, त्याचे पन्नास रुपये कोणी आनंदानं देत नाही, आणि नवा लोकल रिमोट विकला तर दोन मिनिटांत काम. पण एसीच्या नि जुन्या म्युझिक सिस्टिमच्या रिमोटला हे लागू होत नाही, तिथं जुळणारा लोकल सगळी फंक्शन देत नाही, आणि तरी कार्बन गेला म्हणूनच परत पाठवतात. माझ्या शेजारच्या काकूंनी तेवढ्यासाठी चांगला चालणारा कॅसेट-सीडी सेट भंगारात दिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि टिकली खरोखरच झिजलेली निघाली, खाली काळ्याच्या जागी रबराचा फिका रंग दिसायला लागला, तर रिमोटमध्येच सुटा भाग असतो. टेलिटेक्स्टची, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं वाचायच्या सोयीची, लाल-हिरवी-पिवळी-निळी बटणं आपल्याकडं जवळपास कोणी दाबलीच नाहीत. त्यातली एक टिकली ब्लेडनं अलगद कापायची, साबणानं धुवायची, झिजलेल्या जागी सिलिकॉन सीलंटच्या टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबानं बसवायची आणि एक दिवस हात लावायचा नाही. आमच्या टीव्हीचा व्हॉल्यूम मागच्या दिवाळीपासून निळ्या बटणाच्या टिकलीवर चालू आहे.