बोर्ड: फळी, मेज आणि सीमा

बेळगावच्या बसस्टँडवर उभं राहिलं की थोड्या वेळात कुणीतरी विचारतंच, "बोर्ड काय आहे जरा बघा की, खानापूरची हाय काय?" विचारणाऱ्याला कन्नड समजतं, बाजारापुरतं बोलताही येतं, फक्त अक्षर येत नाही. याच गावात एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मुलं बोर्डाची परीक्षा देतात, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, भिंतीवर स्विचबोर्ड आणि गल्लीच्या तोंडाला कॅरमबोर्ड. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना हा एक शब्द कसा पुरला?

त्याचं मूळ एका फळीत आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे तासलेली, सपाट लाकडी फळी. ढालीलाही हाच शब्द होता, कारण ढाल फळ्यांचीच असे. फळी आधारांवर आडवी टाकली की जेवणाचं मेज झालं, म्हणून मेजालाही बोर्ड म्हणू लागले. पुढे मेजावर रोज वाढलं जाणारं जेवणही बोर्ड ठरलं. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवून-खाऊन राहणारा तो बोर्डर, आणि मुलांची तशी सोय करणारं ते बोर्डिंग. आपल्याकडे हा शब्द फार मायेनं रुजला. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, मग इतर समाजांच्या मुलांसाठीही वसतिगृहं निघाली. खेड्यातून शिकायला निघालेल्या पोरासाठी बोर्डिंग म्हणजे दोन वेळचं अन्न, हा अर्थ त्या जुन्या मेजाशी अगदी इमान राखून आहे.

त्याच मेजाभोवती कारभारी बसू लागले. मेजाचं नाव बसणाऱ्यांना चिकटलं आणि निर्णय घेणारी समिती बोर्ड झाली. व्हाइसरॉय रिपन यांच्या १८८२च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा, म्हणजे गावपातळीवरचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचा, कायदा आला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं इथंही आली. समिती या अर्थाच्या बोर्डाला मराठीत 'मंडळ' म्हणतात, कन्नडमध्ये 'मंडळी'. कन्नडमधली मंडळी परीक्षा घेते, आपली मंडळी जेवायला बसते. शब्द एकाच घरातले, कामं वेगळी.

मला सर्वांत जास्त गुंतवणारा धागा मात्र जहाजाचा आहे. इंग्रजी, जर्मन ज्या घरातल्या त्या जर्मानिक भाषांमध्ये फळीच्या 'बोर्ड'सारखाच आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ कड, काठ, विशेषतः जहाजाची बाजू. दोन्ही शब्द फार लवकर एकमेकांत मिसळले. जहाजात किंवा विमानात चढण्याला आजही 'बोर्ड' हेच क्रियापद आहे. हा कडेचा शब्द फ्रँक लोकांच्या भाषेतून जुन्या फ्रेंचमध्ये गेला, तिथं त्यापासून किनार दाखवणारा शब्द घडला, आणि तो इंग्रजीत आला तो 'बॉर्डर' होऊन. म्हणजे बोर्ड आणि बॉर्डर हे नात्यातले शब्द आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपल्या भागात या दोन शब्दांचं नातं कुणाला कोशात शोधावं लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, आणि महाराष्ट्राने त्यावर हक्क सांगितला. या सीमावादासाठी १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्या काळात दोन राज्यांमधली सीमा माणसाला डोळ्यांनी दिसली ती बोर्डांवर. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक होता. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०१४ मध्ये तो पाडला गेला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, प्रशासनाने पुन्हा काढला, आणि गावात लाठीमार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं आणि बोर्ड पुन्हा रंगवावे लागले. कर्नाटकच्या २०२४च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या बोर्डावर किमान ६० टक्के मजकूर कन्नड हवा आणि तो वरच्या भागात हवा. कन्नड वर असण्याला माझी हरकत नाही, ती या राज्याची भाषा आहे. पण बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत, सौदा करायला येणाऱ्या म्हातारीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात खाली मराठीही हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता आपला स्वतःचा शब्द. संस्कृतात 'फलक' म्हणजे फळी, आणि ढालसुद्धा! इंग्रजी शब्दाशी त्याचं काही नातं नाही, तरी लाकडाच्या एका तुकड्यात दोन्हीकडच्या माणसांना त्याच दोन गोष्टी दिसल्या. फळी, शाळेतला फळा, फळकूट ही सगळी फलकाची लेकरं. कन्नडमध्ये फळीला 'हलगे' म्हणतात. जुन्या कन्नडमधल्या 'प'चा पुढे 'ह' झाला, 'पालु' म्हणजे दूध जसं 'हालु' झालं. तसं हलगेचं जुनं रूप 'पलगे', आणि ते आपल्या फळीच्या किती जवळचं आहे हे कानालाच कळतं. दुकानावर लावायच्या बोर्डाला मराठीत नामफलक म्हणतात. त्या ६० टक्क्यांच्या नियमाबद्दल कन्नड वर्तमानपत्रांत जे छापून येतं, त्यातही शब्द असतो 'नामफलक'.