अ‍ॅक्रिलिकला भोक नको: विमानाची कॅनॉपी गोंदाने बसवताना

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी घरी जोडायच्या विमानांचे संच विकते. तिच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर हौशी मंडळींनी गॅरेजात बांधून उडवली आहेत. या बांधणीत अनुभवी माणसाच्याही हाताला घाम फुटतो तो कॅनॉपीपाशी. वैमानिकाच्या डोक्यावरचा तो पारदर्शक घुमट अ‍ॅक्रिलिक या काचेसारख्या प्लास्टिकचा असतो. मागे सरकणाऱ्या कॅनॉपीत तो स्टीलच्या नळ्यांच्या चौकटीवर बसवतात. रूढ पद्धतीत घुमटाला डझनावारी भोके पाडून तो रिवेट आणि स्क्रूंनी धरतात. अ‍ॅक्रिलिकला तडा जातो तो बहुतेक वेळा या भोकांपासूनच.

गोल भोकाच्या कडेवर ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो. अ‍ॅल्युमिनियम अशा जागी किंचित दबून ताण वाटून घेते. अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असल्याने त्याला ते जमत नाही. ड्रिलने कडेला केसाएवढी चीर ठेवली असेल, तर एखाद्या थंड पहाटे ती पुढे सरकते. म्हणून भोके पाडायचीच असतील, तर ६० अंश टोकाचे खास प्लास्टिकचे ड्रिल आणि उबदार खोली लागते. शिवाय भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवावे लागते, कारण अ‍ॅक्रिलिकला हलायला जागा हवी असते.

ही हालचाल किती, ते मोजून पाहू. तापमान एक अंशाने वाढले की अ‍ॅक्रिलिक मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी वाढते, स्टील फक्त ०.०१२ मिमी. उन्हात उभ्या विमानाची कॅनॉपी सहज ५० अंशांवर जाते, आणि हिवाळ्यात उंचावर ती १० अंशांवर येते. म्हणजे फरक ४० अंशांचा. १.२ मीटर लांबीच्या कडेवर अ‍ॅक्रिलिक ३.४ मिमी सरकते, तर खालची चौकट ०.६ मिमी. उरलेले २.८ मिमी कुठेतरी सामावले पाहिजेत. मध्य स्थिर धरला, तर प्रत्येक टोकाला १.४ मिमी.

इथे लवचीक पॉलियुरेथेन गोंद कामी येतो. बांधणाऱ्यांमध्ये सिकाफ्लेक्स-२९५ यूव्ही विशेष रुळला आहे. बोटींच्या प्लास्टिक खिडक्या बसवण्यासाठीही तोच वापरतात. तो घट्ट झाला की रबरासारखा होतो आणि कडेची हालचाल स्वतः ताणून घेतो. मात्र त्यासाठी थर जाड हवा. ३ मिमी थरात १.४ मिमी सरकणे म्हणजे जाडीच्या निम्म्याहून थोडे कमी. ते तो वर्षानुवर्षे सोसतो. तोच थर दाबून १ मिमी केला, तर तेवढीच हालचाल जाडीच्या १४० टक्के होते आणि सांधा कडेपासून सुटू लागतो. पातळ थर म्हणजे घट्ट सांधा, ही सुतारकामातली समजूत इथे सर्वांत घातक ठरते.

घट्टपणाची काळजी खरे तर कमी करावी. गोंदाची २५ मिमी रुंद पट्टी घुमटाभोवती ४ मीटर फिरली, तर चिकटलेले क्षेत्र १ लाख चौरस मिमी भरते. प्रत्येक चौरस मिमीवर अवघा ०.१ न्यूटन भार धरला, तरी १०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे एक टन वजन पेलले जाते. ताशी ३२० किमी वेगात हवेचा गतिज दाब (समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब) चौरस मीटरला सुमारे ४,८०० न्यूटन असतो. घुमटाच्या माथ्यावर त्याला बाहेर ओढणारे हवेचे शोषण याहून जास्त असू शकते, म्हणून प्रत्यक्ष आखणीत त्या विमानाचे आकडे घ्यावेत. पण भार सगळ्या कडेवर पसरलेला असतो, आणि गोंदाचा मोठा फायदा तोच आहे.

या जोडात ‘सुरक्षेसाठी’ चार रिवेट मारायचा मोह टाळावा. रबर ताणण्याआधी सगळा भार ताठ रिवेटवर येतो, आणि जे भोक टाळायला निघालो तेच पुन्हा ताणाखाली जाते.

कामाचा मोठा भाग मात्र गोंदाची नळी फोडण्यापूर्वीचा असतो. कॅनॉपी चौकटीवर सैल, आपल्या वजनाने बसली पाहिजे. हाताने दाबून बसवावी लागत असेल, तर अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण अडकतो. त्यात द्रावक, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारे द्रव, लागले की पृष्ठभागाखाली चांदीसारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल आणि स्क्रू घट्ट करणारी द्रव्ये म्हणूनच जवळ आणू नयेत. कापलेली कड ४०० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासून गोल करावी.

मग चौकटीवर दर १५ ते २० सेंमीवर ३ मिमी जाडीचे मऊ रबरी तुकडे चिकटवावेत. थराची जाडी तेच राखतात. कठीण प्लास्टिकचे तुकडे नकोत, कारण पुढे घुमट त्या ठिपक्यांवर टेकून राहतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून मधली पट्टी सँडपेपरने धूसर करावी, स्वच्छ कापडाने अ‍ॅक्टिवेटर (पकड वाढवणारे द्रव) पुसून लावावा आणि दहा मिनिटे थांबावे. मग काळ्या प्रायमरचा, म्हणजे गोंदाखालच्या अस्तराचा, एकच पातळ हात द्यावा. त्याला निदान अर्धा तास वाळू द्यावे, पण २४ तासांच्या आत गोंद लावावा. डब्यावरची वेळ वेगळी असेल तर तीच मानावी. चौकटीलाही हीच तयारी लागते.

प्रायमरचा काळा रंग शोभेसाठी नसतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून अतिनील किरण थेट चिकटलेल्या पृष्ठभागावर पडतात आणि काही वर्षांत तिथली पकड मारतात. काळी पट्टी त्यांना अडवते. प्रायमर विरळ लागून उजेडात ठिपके दिसत असतील, तर सांधा तिथूनच सुटेल. कार्यशाळेत सिलिकॉन स्प्रे मारला असेल, तर प्रायमरही धरत नाही.

२५ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि ४ मीटर लांब थराला ३०० मिली गोंद लागतो, म्हणजे नेमकी एक नळी. कडेची गोलाई आणि वाया जाणारा भाग धरून तीन जवळ ठेवाव्यात. नॉझलला व्ही आकाराची खाच कापून त्रिकोणी रेघ ओढावी. उंच त्रिकोण दाबला जाताना हवा दोन्ही बाजूंना निघून जाते, सपाट रेघेखाली ती अडकते. सुमारे तासाभरात वर साय धरते, उन्हाळ्यात आधीच. त्याआधी कॅनॉपी ठेवून, तुकड्यांना टेकेपर्यंतच दाबून, कड सारखी करून टेप काढायला हवी. काम दोघांचे आहे. हातमोजे आणि खेळती हवा हवीच, कारण ताज्या गोंदातले आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना आणि त्वचेला बाधते.

बोटे किंवा कड पुसायला अल्कोहोल मात्र वापरू नये. हा गोंद वाळून नव्हे, तर हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया होऊन घट्ट होतो. अल्कोहोल त्या आयसोसायनेटला आधी गाठते, गोंदाच्या रेणूंची साखळी तिथेच तुटते आणि तो भाग कायमचा चिकट राहतो. घाईने पाणी शिंपडले, तर अभिक्रियेतला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे करतो.

बाष्प कडेने आत शिरते, म्हणून वेळ लागतो. पहिल्या दिवशी सुमारे ३ मिमी खोलीपर्यंत गोंद घट्ट होतो, आणि पुढे खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. २५ मिमी पट्टीला दोन्हीकडून हवा मिळाली, तर मध्यापर्यंतचे १२.५ मिमी भरायला साधारण अडीच आठवडे लागतात. एक बाजू बंद असेल, तर दोन महिन्यांहून अधिक. कोकणातल्या पावसाळी हवेत हे लवकर होईल, विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात उशिरा. म्हणून सांध्यावरून बसणारी फायबरग्लासची पट्टी मध्यापर्यंत गोंद घट्ट झाल्यावरच बसवावी, आणि उड्डाण त्यानंतर. त्याच दिवशी, त्याच गोंदाने, त्याच रुंदीचा एक नमुना तुकडा जोडून ठेवावा आणि दिवस भरले की तो कापून पाहावा. मधोमध गोंद ओला असेल, तर विमानातलाही ओलाच आहे.

पुढे कधी घुमट बदलावा लागला, तर पियानोच्या तारेने थर करवतता येतो. चौकटीवरचा जुना गोंद खरवडून काढू नये. पकड चांगली असेल तर १ ते २ मिमी थर ठेवून तो ताजा कापावा आणि लगेच नवा गोंद द्यावा. जुन्या गोंदाच्या ताज्या कापावर नवा गोंद उत्तम धरतो.