दोन काचघरं: ओळखायचं असेल तर जोतं बघा

आधुनिक वास्तुकलेवरचं काही वाचायला घेतलं की दोन अमेरिकन काचघरांचे फोटो हमखास एकमेकांत मिसळतात. एक कनेटिकटमधल्या न्यू केननचं ‘ग्लास हाउस’, दुसरं इलिनॉयमधल्या प्लॅनोचं ‘फार्न्सवर्थ हाउस’. दोन्ही सपाट छपराची, एकदालनी, चहूबाजूंनी काच. मीही बराच काळ गल्लत करायचो. आता काचेकडे बघतच नाही, थेट जोत्याकडे बघतो.

फार्न्सवर्थला जोतंच नाही. पांढरे आठ पोलादी खांब आणि त्यांच्यामध्ये जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंचावर धरलेली फरशी. खांब छताखाली नाहीत, कडेला बाहेरून चिकटलेत. जोडाशी नाक लावलं तरी बोल्ट दिसणार नाही. वेल्डिंग घासून सपाट केलंय, वर रंग. ग्लास हाउसचं पोलाद काळपट, खांब काचेच्या ओळीतच, आणि विटांची फरशी जवळजवळ हिरवळीला टेकलेली. आत विटांचा गोल बुरूज, त्यात न्हाणीघर आणि शेकोटी.

तारखा आणखी घोळ घालतात. ग्लास हाउस १९४९चं, फार्न्सवर्थ १९५१चं. म्हणजे पहिलं ते मूळ? उलट आहे. वास्तुकार मीस व्हान डर रोहेच्या फार्न्सवर्थचं मॉडेल १९४७ सालीच न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडलं होतं, आणि ते प्रदर्शन भरवणारा होता ग्लास हाउसचा कर्ता, फिलिप जॉन्सन! त्यानं हे ऋण कधी लपवलं नाही, एवढं खरं.

जॉन्सननं घर स्वतःसाठीच बांधलं. आडोसा हवा तर समोरच पाहुण्यांसाठी विटांचं बंदिस्त घर होतं. २००५ साली तो गेला तोही याच आवारात. एडिथ फार्न्सवर्थ शिकागोच्या डॉक्टर. त्यांना शनिवार-रविवारपुरतं घर हवं होतं. खर्च फुगला, प्रकरण कोर्टात गेलं, निकाल मीसच्या बाजूनं लागला. आडोसा मात्र त्यांना कुठेच नव्हता.

आज दोन्ही घरं राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहेत, दोन्ही ‘नॅशनल ट्रस्ट’ या जुन्या वास्तू जपणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे. फार्न्सवर्थ २००३ साली लिलावात ७५ लाख डॉलरला सोडवून घ्यावं लागलं. ते घर उंचावर धरलं होतं शेजारच्या फॉक्स नदीच्या धास्तीनं. तरी १९५४, १९९६ आणि २००८ साली पाणी आत शिरलंच.