नाचणी

तृण कुलातील एक वर्षायू धान्य. शास्त्रीय नाव इल्युसाइन कोराकाना. नाशिक, धुळे, नंदुरबार व लगतच्या डांग भागात नागली, कोल्हापूरकडे नाचणा, गोव्यात नाचणो, कर्नाटकात रागी. झुपक्याने वाढणारे हे रोप साधारण ६० ते १२० सेंमी. उंच होते. टोकाला चार ते आठ कणिशे एका जागेतून फुटतात. काही वाणांत ती पसरट राहतात, काहींत आत वळून मुठीसारखी मिटतात. दाणे मोहरीएवढे, गोल, बहुधा विटकरी रंगाचे. पांढऱ्या दाण्याचे वाणही आहेत.

नाचणीचे बीजावरण आतल्या पिठूळ गराला घट्ट चिकटलेले असते आणि गर मऊ असतो. त्यामुळे तांदूळ सडतात तशी नाचणी सडता येत नाही. सडू गेल्यास दाण्याचाच चुरा होतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाणा आधी वाफवून, वाळवून, कठीण करून मग सडण्याची पद्धत बसवली, पण घरगुती वापरात ती आलेली नाही. घरात येते ते पीठ कोंड्यासकटच येते. या धान्याचे आहारातील मोल मुख्यतः याच गोष्टीवर उभे आहे, आणि पुढील पोषणविषयक विवेचन त्याच अंगाने केले आहे.

उगम : नाचणी मूळची भारतातील की आफ्रिकेतील, हा वाद शतकभराहून अधिक काळ चालला. एकोणिसाव्या शतकात स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदोल यांनी भारताच्या बाजूने कौल दिला. भारतात शेताच्या बांधावर सर्रास उगवणारे इल्युसाइन इंडिका हे रानगवत नाचणीचे पूर्वज असावे, असे पुढेही काही अभ्यासक मानत राहिले. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी मात्र अॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, हे उगमकेंद्र धरले.

वादाचा रोख बदलला तो गुणसूत्रांच्या मोजणीने. नाचणीत ३६ गुणसूत्रे असतात, इल्युसाइन इंडिकात १८. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातील आफ्रिकाना या रान प्रकारात मात्र ३६ आढळतात. नाचणीशी त्याचा संकर सहज होतो आणि संकरित संतती जननक्षम असते. हा रान प्रकार भारतात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. इल्युसाइन इंडिका किंवा तिच्या जवळची एखादी जाती ही नाचणीच्या दोनांपैकी एका जनुकसंचाची दाती असावी, हे आता बहुतेक मान्य आहे. दुसऱ्या संचाचा दाता निश्चित झालेला नाही, कदाचित तो नामशेष झाला असावा. हे चतुर्गुणितीकरण, म्हणजे दोन जनुकसंच एकत्र येऊन गुणसूत्रे १८ ची ३६ होणे, आफ्रिकेत झाले आणि लागवडीखाली आणण्याची प्रक्रियाही तिथेच, इथिओपिया ते युगांडा या उंच पट्ट्यात, घडली असे मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. भारतात मिळणारे नाचणीच्या वाणांचे वैविध्य मोठे आहे, पण ते दीर्घ लागवडीने आलेले दुय्यम वैविध्य समजावे.

भारतात ती केव्हा आली, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कर्नाटकातील हळ्ळूर येथील उत्खननात मिळालेले जळके दाणे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ विष्णु-मित्रे यांनी नाचणीचे म्हणून ओळखले आणि त्या आधारे इ. स. पू. १८०० च्या सुमाराचा काळ अनेक ग्रंथांत रूढ झाला. गुजरातेतील रोजडी येथून तर त्याहून जुन्या, हडप्पाकालीन नाचणीची नोंद झाली. या नोंदी सावधपणे घ्याव्या लागतात. तूस निघालेले जळके दाणे फुगतात, त्यांचा आकार बिघडतो, आणि राळा किंवा त्याच्या जवळच्या देशी बारीक धान्यांचे दाणे अशा अवस्थेत नाचणीसारखे दिसू शकतात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डोरियन फुलर यांनी या नोंदींचा फेरआढावा घेतला, तेव्हा बऱ्याच ठिकाणची ओळख टिकली नाही. हळ्ळूरचा पुरावा तुलनेने भक्कम ठरतो, पण त्याचा काळ इ. स. पू. १००० च्या आसपास ओढणे अधिक सुरक्षित आहे. आफ्रिकेतील पुरावाही निर्दोष नाही : इथिओपियातील गोबेड्रा गुहेतल्या दाण्यांना आरंभी पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचे मानले गेले, पुढे ते वरच्या थरातून खाली उतरलेले व बरेच अलीकडचे निघाले. म्हणजे उगमभूमीत फार जुने दाणे हाती नाहीत आणि जिथे दाणे मिळतात ती उगमभूमी नव्हे. वनस्पतिशास्त्राचा पुरावा स्पष्ट आहे, पुरातत्त्वाचा अपुरा. ज्वारी, बाजरी व चवळी यांच्याप्रमाणेच नाचणीही अरबी समुद्रमार्गे आली असावी, एवढेच म्हणता येते.

ग्रंथांतील उल्लेख विरळ आहेत. चरकसंहितेच्या धान्यवर्गात कोरदूष, श्यामाक, प्रियंगू अशी बारीक धान्ये येतात. नाचणीची निर्विवाद ओळख त्यांत पटत नाही. सोळाव्या शतकात संतकवी कनकदासांनी कन्नडमध्ये भात आणि रागी यांचा रामापुढचा वाद काव्यातून रंगवला व रागीला जिंकवले. कर्नाटकाच्या पठारावर तोपर्यंत ती कष्टकऱ्यांचे मुख्य अन्न झाली होती, याचा तो चांगला दाखला आहे.

लागवड : महाराष्ट्रात हे मुख्यतः सह्याद्रीच्या उतारावरील वरकस, म्हणजे हलक्या, जमिनीचे खरीप पीक आहे : पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा कोकण, नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी, अकोले तालुका, तसेच कोल्हापूरचा पश्चिम भाग. पाला, काटक्या व शेण पसरून, जाळून केलेल्या राबावर रोपे तयार करतात आणि तीन-चार आठवड्यांनी ती उतारावर लावतात. करपा हा मुख्य रोग. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दापोली-१ व कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने फुले नाचणी हे वाण दिले आहेत. कर्नाटकात सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय व आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ मालिका उभी केली.  देशात सर्वाधिक उत्पादन कर्नाटकाचे. कोरडा दाणा वर्षानुवर्षे किडीविना टिकतो. दुष्काळी साठ्यासाठी डोंगराळ भागाने तो जपला यात नवल नाही.

पोषण : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या सारणीनुसार १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३६४ मिग्रॅ., तंतू ११ ग्रॅम, प्रथिने ७ ग्रॅम व लोह ४.६ मिग्रॅ. असते. गाईच्या १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम १२० मिग्रॅ.च्या आसपास असते. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून १८० मिग्रॅ. मिळते, प्रौढांची दैनंदिन शिफारस १,००० मिग्रॅ. आहे. मात्र या तुलनेवरून नाचणी दुधाच्या तिप्पट उपयोगी, असा हिशेब मांडला जातो तो बरोबर नाही. बीजावरणातील फायटेट व टॅनिन आणि दाण्यातील ऑक्झलेट कॅल्शियम व लोह धरून ठेवतात. पोटात गेलेले सगळे अंगी लागत नाही. भिजवणे, मोड आणणे व आंबवणे यांनी फायटेट घटते. आंबील ही जुनी रीत या दृष्टीने फार शहाणी आहे. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की लोह अधिक शोषले जाते, जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने ते कमी होते. प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते, म्हणून भाकरीसोबत डाळ, कुळथाचे पिठले किंवा ताक हवेच.

कॅल्शियमचा मोठा वाटा बीजावरणात असतो. घरोघरी बाळासाठी केले जाणारे सत्त्व या कसोटीवर तपासून पाहावे. नाचणी रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, पाणी घालून वाटतात आणि मलमलीतून गाळतात. निवळलेले पाणी ओतून खालचा साका वाळवतात. गाळताना फडक्यात राहतो तो चोथा, आणि बीजावरण त्यातच असते. सत्त्व पचायला हलके, सहा महिन्यांनंतर सुरू होणाऱ्या पूरक आहाराच्या आरंभीच्या काळाला योग्य. पण कॅल्शियमसाठी म्हणून ते पुढे वर्षभर चालू ठेवण्यात अर्थ नाही. मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळलेले आणि न गाळलेले पीठ त्याहून सरस. मोड आलेल्या नाचणीत स्टार्च तोडणारे अॅमिलेज हे विकर मुबलक तयार होते. असे पीठ चमचाभर, खाण्याजोग्या कोमट झालेल्या घट्ट पेजेत ढवळले की पेज काही मिनिटांत पातळ होते. धान्य तेवढेच राहते, पण लहान पोटात ते मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात या गुणावर पद्धतशीर काम झाले. सहा महिने पूर्ण होण्याआधी यातले काहीही बाळाला देऊ नये.

मधुमेहात नाचणी चांगली, हे विधान सरसकट करता येत नाही. बारीक पिठाची पातळ पेज रक्तशर्करा भराभर वाढवू शकते. जाडसर पिठाची भाकरी, तीही भाजी-डाळीसोबत, तुलनेने संथ असते. दाण्यात ऑक्झलेट असल्याने मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी प्रमाणाबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. नाचणीत ग्लुटेन हे गव्हातील चिकट प्रथिन नसते, त्यामुळे ते न सोसणाऱ्या सिलियाक रोगात ती चालते. मात्र गव्हाच्या पाठोपाठ गिरणीत दळलेले पीठ चालत नाही.

ग्लुटेनच्या अभावाने पिठाला चिकटपणा कमी. आधणाचे पाणी ओतून उकड काढली की स्टार्च फुगतो, पीठ मळता येते आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. नाशिक भागात पापड, गोव्यात गूळ व नारळाच्या रसातील तिजाण हे प्रकार रूढ आहेत.

भारत सरकारने २०१८ मध्ये नाचणीसह भरड धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केले. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष पाळले. किमान आधारभूत किंमत २०१८-१९ मध्ये क्विंटलला २,८९७ रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये ४,२९० रुपये झाली.