वेग की वेगाचा वर्ग: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

ताशी ३६ किलोमीटरने धावणाऱ्या एक टन वजनाच्या मोटारीची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे अंगी आलेली ऊर्जा, ५० किलोजूल असते. वेग ७२ केला की ती २०० होते. ब्रेक तितक्याच जोराने लावला तर गाडी थांबायला चौपट अंतर खाते. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात. त्यावरून एकेकाळी युरोपभर भांडणे झाली होती.

सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच तत्त्वज्ञाच्या मते विश्वात कायम राहतो तो वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. १६८६ मध्ये एका जर्मन गणितज्ञाने हरकत घेतली. चौपट उंचीवरून पडलेली वस्तू फक्त दुप्पट वेगाने खाली येते, पण तिला परत तितके वर न्यायला काम चौपट पडते. मग मोजायचा तो वेगाचा वर्ग. १७२२ मध्ये एका डच प्राध्यापकाने मऊ मातीवर गोळे टाकून पाहिले. हलका गोळा उंचावरून, जड गोळा कमी उंचीवरून; वजन आणि उंचीचा गुणाकार सारखा आला की खड्डेही सारखेच पडत.

१७४३ मध्ये पॅरिसच्या एका गणितज्ञाने हा सगळा वाद शब्दांचा म्हणून निकालात काढला. ते अर्धेच खरे. बल किती वेळ लावले ते धरा, संवेग (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट) मिळतो. किती अंतरभर लावले ते धरा, वर्ग मिळतो. पण मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगाने समोरासमोर आदळून चिकटले की काय? संवेगाची बेरीज आधीही शून्य, नंतरही शून्य. वर्गाची बेरीज मात्र गायब! जर्मन पक्ष म्हणे, ती आतल्या बारीक कणांत वाटली गेली, मोठ्या नाण्याची मोड घ्यावी तशी. पुरावा हाती नव्हता, तरी माझ्या मते बाजी त्यांचीच.

मधल्या काळात १७९८ मध्ये तोफेला भोक पाडताना घर्षणातून उष्णता निघतच राहते हे दिसले आणि १८२९ मध्ये ‘वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग’ या सूत्राला ‘अर्धा’ चिकटला. मोड कुठे गेली ते एका इंग्रज मद्यनिर्मात्याने मोजले. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून त्याने १८५० मध्ये आकडा दिला: ७७२ पौंड एक फूट खाली आले की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापते.

ब्रेकची तबकडी तापते ती याच हिशेबाने. विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. सगळा नाही, तारा, मोटर आणि बॅटरी आपापला वाटा उष्णतेत कापून घेतात, आणि ब्रेक करकचून दाबल्यावर जुनी तबकडीच कामाला येते.